गोडं पाणी लागेल तिथवरच

हिराआत्या गेल्याची बातमी मला अलिबागला, कॉलेजच्या फाटकात कळली. आमच्या भावकीतला एक माणूस कोर्टाच्या कामासाठी आला होता. मला पाहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "पोरी, तुजी आत्या गेली. ताप डोक्यात गेला. तुज्या बानं तुना घेऊनच ये म्हनून सांगितलाय." एसटीत खिडकीशी बसले तरी मला रडू येईना. मनात सारखा एकच विचार येत होता, की आता गावातलं वाचन संपलं... महिना-दीड महिना उलटल्यावर आज लिहायला बसले आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आत्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, याची मला खात्री नाही. तरी जमेल तसं लिहिते.

आमचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या काठावर. पावसाळ्यात भात आणि उरलेल्या दिवसांत मिठागर, असं आमच्या लोकांचं वर्ष जातं. हिराआत्या माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती मुंबईला गेली, गिरणीतल्या नवऱ्याबरोबर चाळीत राहिली, आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे विधवा होऊन परत आली. चाळीत बायकांसाठी दुपारचा वर्ग चालायचा, तिथे ती वाचायला शिकली होती. येताना तिने एका पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली पुस्तकं घालून आणली. ती देवाधर्माची नव्हती, गोष्टींचीही नव्हती. कुठल्या गावाने गुत्ता कसा बंद पाडला, कुठल्या मास्तराने मुलांना घेऊन रस्ता कसा बांधला, अशा खऱ्या माणसांच्या हकिगती त्यांत होत्या. मुंबईच्या ओळखीच्या बायका अधूनमधून आणखी पाठवत.

मिठागरावर भर दुपारी काम थांबायचं, तेव्हा झावळ्यांच्या मांडवाखाली बायका भाकरीची फडकी सोडायच्या आणि आत्या वाचायची. ज्या तीन-चार जणींना अक्षरं लागत त्या पुस्तक घरी नेत. आमच्याकडचं वाचून झालं की ते तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडच्या गावाला जायचं, तिथल्या सकूबायच्या घोळक्याकडे. आत्याची अट एकच होती. पुस्तक परत देणारीने ते वाचून काय केलं ते सांगायचं. एकदा शेजारची गोमीकाकू गुत्ताबंदीचं पुस्तक घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी नवऱ्याला सांगितला, ताडी सोड. त्यानं मनाच घराभायर काढला. ह्ये केल्यात धरतंस का नाय?" हसूनहसून बायकांना ठसका लागला. आत्या मात्र गंभीरपणे म्हणाली, "धरतंय. पन पुस्तक अजून आठ दिस ठेव."

आमच्या गावाला सगळ्यात मोठं दुःख पाण्याचं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. उन्हाळ्यात बायका बांधावरून चालत डोंगराकडच्या गावात जात, आणि तिथल्या बायकांचे हंडे भरेपर्यंत बाजूला उभ्या राहत. त्यामुळे घाटावरच्या एका गावाने स्वतः विहीर खणल्याची हकिगत आत्याने वाचली, तेव्हा मांडवाखाली कोणी भाकरीचा घास मोडला नाही. मी तेव्हा चौथीत होते. ते पुस्तक मांडवाखाली पुन्हा पुन्हा वाचलं गेलं. मग गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडाच्या पायथ्याशी बायकांनीच खणायला घेतलं. पुरुष आधी बघत उभे राहिले, मग लाजून उतरले. पुरुषभर खोलीवर पाणी लागलं आणि ते गोडं होतं! माझी आई ओंजळीत पाणी घेऊन नुसती बघत राहिली होती, ते मला अजून दिसतं.

चैत्रात पाणी आटत आलं. पुस्तकात लिहिलं होतं, अशा वेळी धीर सोडू नये, आणखी खोल खणावं. आम्ही आणखी खोल खणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर निम्म्याहून अधिक भरलेली, लोक पळत आले. पहिला घोट आत्याने घेतला. तिने तो थुंकला नाही, गिळला. मग घागर खाली ठेवून म्हणाली, "खारा हाय."

खाडीकाठच्या जमिनीत गोडं पाणी वर असतं आणि खारं त्याच्या खाली. मधला पदर आम्ही स्वतःच्या हाताने फोडला होता.

त्यानंतरचे दिवस आत्याला फार जड गेले. पोरंटोरं तिला बघून 'पुस्तकाची विहीर' म्हणून ओरडत. माझे वडीलही जेवताना बोलून गेले, "कागुद वाचून पानी लागता तं मिठागरात साखर पिकली असती." बायका पुन्हा बांधावरून डोंगराकडे जाऊ लागल्या. मांडवाखाली कोणी 'वाच' म्हणेना. आत्याने खूप वर्षं जमवून आणलेलं सगळं त्या एका विहिरीत बुडालं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

त्यात पलीकडून सकूबायचा निरोप आला, पुस्तक पाठवा, आता आमची पाळी. आमच्या गावात त्यावरून भांडण झालं. काही म्हणाले, चुलीत घाला ते. काही म्हणाले, तिकडे पाठवलं तर आपलं हसं होईल. आत्याने कोणाशी वाद घातला नाही. पुस्तक लुगड्याच्या पदरात बांधलं आणि स्वतःच तरीत बसली. मी हट्टाने बरोबर गेले. पलीकडच्या अंगणात तिने विहिरीचं प्रकरण मोठ्याने वाचलं आणि ते संपल्यावर, कोणी न विचारता, आमची सगळी फजिती सांगितली. सकूबाय म्हणाली, "म्हंजे पुस्तक खोटा?"

"खोटा नाय गो," आत्या म्हणाली, "पन लिवनाऱ्याला काय ठावा, आपल्या दारात भरती येते? तुमी खना. गोडा पानी लागंल तिथवरच. मंग खाली जाऊ नका, रुंद करा."

पलीकडच्यांनी तसंच केलं. आडवी, पसरट, तळ्यासारखी विहीर. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बायका तरीतून तिथे पाण्याला जाऊ लागल्या आणि सकूबाय त्यांना आधी भरू द्यायची. म्हणायची, "तुमी खारा प्यालाव म्हनून आमी गोडा पितंव."

तेव्हा एके दिवशी ओटीवर आत्या माझ्या वडलांना म्हणाली, "आपली विहीर तशीच ठेवायची का रं?"

वडील चिडून बोलले, "बांधाला खांड पडली तं पुस्तक काढून बसतंव काय आपून? चिखल मारतंव!"

आत्या झटकन उठून उभी राहिली. मग म्हणाली, "मंग मार की."

आमच्याकडे समुद्राने बांध फोडला, म्हणजे खांड पडली, की घरटी एक माणूस निघतो आणि भरती यायच्या आत खारजमिनीतल्या चिकणमातीची ढेपळं हातोहात देऊन ती बुजवतो. विहिरीसाठीही तसाच पुकारा झाला. पाणी उपसलं, तळाशी चिकणमाती घालून पायांनी तुडवून बसवली आणि वरून विहीर रुंद केली. वडील कमरेएवढ्या चिखलात उभे होते आणि आत्या काठावरून ओरडत होती, "कोपरा ऱ्हायला! डोला उघडून बघ!" पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी मचूळ होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गोडं झालं. उन्हाळ्याच्या शेवटी ते अजूनही कमी पडतं, पण आमच्या बायका आता कुणाच्या विहिरीवर ताटकळत उभ्या राहत नाहीत.

पुढे मला सातवीनंतर शिकवायचं की नाही यावर घरात बोलणं निघालं, तेव्हा वडलांनीच, "शिकू दे, हिराला एकटीला वाचून घसा बसतो," असं म्हणून विषय संपवला.

आत्याचं उत्तरकार्य झालं. दुसऱ्या दिवशी मी आईला भाकरी द्यायला मिठागरावर गेले, तर मांडवाखाली बायका बसलेल्या. गोमीकाकूने हाक मारली, "ये पोरी, काय आनलंस का वाचायला?" माझ्या पिशवीत कॉलेजच्या लायब्ररीतलं ग्रामआरोग्यावरचं पुस्तक होतं. ते आत्यासाठीच काढून ठेवलं होतं... मी उघडून वाचू लागले. घराच्या सांडपाण्यासाठी प्रत्येकाने परसात खोल शोषखड्डा खणावा, असं त्यात होतं. माझं एक पान पुरं झालं नसेल, तोच गोमीकाकूने हात वर केला.

"थांब. ह्यो लिवनारा कंच्या गावचा?"

मी पहिलं पान उलटून पाहिलं. "पुण्याकडचा दिसतो."

"मंग उधानाच्या दिशी आमचा खड्डा उपसायला त्यालाच बोलवा!"

सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, खड्डा नको, पण घाण तर हटवायलाच हवी. दुसरी म्हणाली, परसात मातीचा उंचवटा करून त्यावर केळी लावल्या तर? तिसरीने तिला वेड्यात काढलं. कोणीतरी म्हणालं, पलीकडे सकूबायला विचारून येऊ. आवाज चढले, दुपारची सुट्टी निम्मी संपली, आणि मी पानात बोट घालून ऐकत होते. एसटीत न आलेलं रडू मला तिथे आलं, पण ते दुःखाचं नव्हतं.

गोमीकाकूचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसली.

"वाच पुढं," ती म्हणाली. "पन सावकास. आमाला मधी बोलायचा असता."