मामीनं आणलेली सळाख

परवा एका दुकानात मशीनच्या तेलाचा वास आला आणि भंडाऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. तिथं मी नुकतीच शिकवायला लागले होते. एका दुपारी तुमसरकडच्या गावाहून मामी एसटीनं आली, पिशवीत सळाखीचे तीन तुकडे घेऊन. "शाळेच्या स्लॅबले हाच लोहा लावून राहिले. तोडून पाह्य, चांगला हाय का?" मी एक तुकडा ओढून तोडायच्या मशीनमध्ये आवळला आणि हळूहळू ताण वाढवत नेला. चांगली सळाख आधी लांबते, मधे बारीक होते आणि मगच तुटते. ही जरासुद्धा न लांबता फाडकन तुटली. उरलेल्या दोन तुकड्यांचंही तेच झालं. "लिहून दे," मामी म्हणाली. ठेकेदार तिचाच चुलत दीर होता. "मामी, घरातच वैर होऊन जाईल ना!" "होऊ दे. त्या खोलीत पोरं बसतीन." मी तसा अहवाल लिहून खाली सही केली. दुसऱ्या सकाळी ती बांधकामावरच्या सळाखींच्या ढिगावर जाऊन बसली आणि तो माल ट्रकमध्ये परत चढेपर्यंत तिनं काम सुरू होऊ दिलं नाही. आज माझ्या सहीचे कितीतरी अहवाल आहेत. त्या पहिल्या सहीच्या वेळी मी नाही म्हणायच्या बेतात होते, हे मात्र मी मामीला अजून सांगितलेलं नाही.