आक्काची चिरलेली ट्यूब

आक्काला पहिल्यांदा बघितलं तेव्हा वहिनीने तिच्या हातात चक्क कचऱ्याची बादली दिली होती! आजही हे सांगताना वहिनी हसून हसून डोळे पुसते. लग्न होऊन घरात आली त्याचा दुसरा दिवस; आक्काला लग्नाला रजा मिळाली नव्हती. दारात एक बाई उभी. विटकी साडी, पिन लावलेली चप्पल, अंगाला फिनेलचा वास. वहिनीला वाटलं, जिना झाडणारी असेल. बाईने मुकाट्याने बादली नेली, रिकामी केली, धुऊन आणली आणि म्हणाली, "धुवायची पण असते गं. मी तुझी नणंद."

ओळख पटली म्हणून किळस थोडीच जाते? उलट वाढली. आक्का हॉस्पिटलच्या लाँड्रीत. दिवसभर रक्तापुवाच्या चादरी, आणि घरी आली की तिचे हे उद्योग. साबणाचे उरलेले तुकडे चिकटवून केलेला गोळा, त्यात कुणाचा तरी केस अडकलेला. पेस्ट संपत आली की ट्यूब कात्रीने उभी चिरायची आणि आतून ब्रश फिरवायचा. शी! शेवटी वहिनी नवऱ्याला म्हणाली,

"अहो, तुमच्या बहिणीला सांगा ना काही."

"ती जन्माची कंजूष. सोड. आपण नवा सोफा घेऊ."

नवऱ्याकडे कशावरही हाच तोडगा. बायको रुसली, सोफा. मुलीचा वाढदिवस, भलामोठा टीव्ही. सगळं हप्त्याने. आणि सोफ्याचं प्लास्टिक काढायचं नाही, म्हणे खराब होईल! उन्हाळ्यात मांड्या अशा चिकटायच्या की उठताना चर्रकन सालटं निघाल्यासारखं वाटायचं. प्लास्टिकखाली बिस्किटांचा भुगा, त्यात मुंग्या, वर घामाचा आंबूस वास. शिसारी जास्त कशाची येते, साबणाच्या गोळ्याची की या सोफ्याची, हेच वहिनीला कळेनासं झालं.

मग नवऱ्याचा कारखाना बंद पडला. हप्ते तुंबले. वसुलीवाला आला, सोफ्यावर फतकल मारून बसला, चहा प्यायला, दात कोरले आणि जाताना सोफा, टीव्ही दोन्ही घेऊन गेला. मागे भिंतीवर तेलकट डाग तेवढा राहिला. त्याचं एवढं दुःख नव्हतं. पण घरमालकाने निरोप धाडला की थकलेलं भाडं द्या, नाहीतर महिनाअखेर खोल्या सोडा. मुलीची शाळा गल्लीच्या टोकाला. आता जायचं कुठे?

"भाडं मी भरते," आक्का म्हणाली. "तुला काम लागेपर्यंत."

"तू? तुझा पगार तो केवढा!" भाऊ म्हणाला.

"तुला माहितीये तो मी नोकरीला लागले तेव्हाचा. पुढे जेवढी वाढ झाली, ती मी घरी आणलीच नाही. पगाराच्या दिवशीच बँक परस्पर ठेवीत टाकते. हातात आलीच नाही, तर चटक लागणार कशी?"

वहिनी म्हणाली, "मग सोफा नेला तेव्हा का नाही बोललात?"

"त्या घाणीला दमडी दिली नसती मी! हे डोक्यावरच्या छपरासाठी. आणि ऐका, सगळं नाही देणार. माझे गुडघे गेल्यावर मला कुणापुढे हात पसरायचा नाहीये."

भाड्याचं तिने निभावलं. भावाला काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी. आक्काने त्याला धरून बँकेत नेलं आणि थोडी रक्कम परस्पर ठेवीत जायची सोय केली. तिथे त्याने सही केली. पण पगाराच्या दिवशी सकाळी न्हाणीतून ओरडलाच,

"पेस्ट संपली! आज मोठी आणतो. सोबत डबा फुकट आहे."

"संपली नाही," आक्का स्वयंपाकघरातून.

"संपली! लाटण्याने लाटली तरी येत नाही."

"नाही संपली."

"अगं, माझ्या हातात आहे ट्यूब!"

"आण इकडे."

आक्काने कात्री घेतली, ट्यूब उभी चिरली, पुस्तकासारखी उघडली. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र पेस्ट. भावाने तोंड वाकडं केलं, बायकोकडे बघितलं. वहिनीचंही नाक मुरडलेलंच होतं, पण ती म्हणाली, "बघता काय? फिरवा ब्रश."

त्याने फिरवला. तोंडभर फेस झाला, तरी त्यातूनच तो काहीतरी बडबडायला लागला.

"आधी थुंक," आक्का म्हणाली, "मग सांग, संपली का?"

तो थुंकला. आणि ट्यूबमध्ये डोकावला. ट्यूबला आतून अजून पेस्ट होती.