नवऱ्याला दारुडा ठरवलं तेव्हा

तिसगावात माझं छोटं पार्लर आहे. आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातात असतं, त्यामुळे खुर्चीतली बाई बोलते आणि मी ऐकते. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाचं जमलेलं लग्न का मोडलं, सगळं आधी माझ्याकडे येतं. आणि खोटं कशाला बोलू, दुपारी आलेलं संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी टिकत नाही. मुद्दाम नाही हो करत. पुढची बाई विचारते आणि निघून जातं तोंडातून.

त्यामुळे माझी मुलगी जेव्हा म्हणाली, "मम्मी, नगरला एक मॅडम आहेत, समुपदेशन करतात, तू एकदा जाऊन ये," तेव्हा मी उसळलेच. म्हटलं, मी काय वेडी झाले का? आणि बोलायला पैसे कशाला द्यायचे? माझ्याकडे दिवसभर बायका फुकट बोलतात.

"त्या बोलतात," ती म्हणाली. "तू कुठं बोलतेस? झोपत न्हाईस, हात थरथरतात, आणि सारखा माझ्यावर संशय. जा न कुनाला तरी दाखव."

संशय म्हणाली ती. मी विषय बदलला.

तिची बारावी झाली होती. नगरला नर्सिंगला जायचं, हॉस्टेलला राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि मी नको म्हणून बसले होते. प्रवेशाची मुदत संपत आली होती. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, ताट पुढे सरकवायची आणि आत जायची. हिला मी कायमची गमावते की काय, असं वाटायला लागलं, म्हणून शेवटी गेले. नवऱ्याला सांगितलं, पार्लरचा माल आणायला चाललेय.

एसटीत बसल्यापासून शॉक देतील, गोळ्या चालू करतील आणि त्या जन्मभर सुटणार नाहीत, असलं काहीबाही मनात येत होतं. स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधलेला. त्या मॅडमच्या खोलीखाली दातांचा दवाखाना निघाला, तेवढं बरं झालं. कुणी भेटलंच तर दाढ दुखतेय म्हणता आलं असतं.

वर ना मशीन, ना पलंग. दोन खुर्च्या आणि पाण्याची बाटली. मॅडम म्हणजे अगदीच पोर, आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. म्हणाली, "इथं बोललेलं इथंच राहतं. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला ते बाहेर सांगावं लागतं." मी मनात म्हटलं, अगं बाई, हेच तर मी प्रत्येकीला सांगते! मग तिने गाव विचारलं. तिसगाव म्हटल्यावर हसून म्हणाली, "हो का? माझी मावशी पाथर्डीला असते."

पाथर्डी म्हणजे आमच्या अंगणातच की.

तर मी ठरवलं, हिची परीक्षा घ्यायची. खोटं काहीतरी सांगायचं आणि ते गावात येतं का बघायचं. म्हटलं, "मॅडम, नवरा पितो. मारतोसुद्धा."

अहो, माझा नवरा! पशुखाद्याचं दुकान चालवणारा, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा गरीब माणूस. पण मॅडम एकदम पुढे सरकली. आज घरी जायला भीती वाटते का, जवळ कुणी आहे का, असं हळू आवाजात विचारत राहिली. एक नंबरही दिला, कधीही फोन करा म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगवेना. आणि खरं तरी काय सांगणार होते? माझ्या घरात काही वाईट घडलेलंच नव्हतं. एवढ्यातेवढ्यासाठी कोण जातं असल्या ठिकाणी?

त्यानंतरचे दिवस माझे मलाच ठाऊक. दाराशी चप्पल वाजली की कान उभे. दोघी कुजबुजल्या की आपलंच असणार. नवरा समोर बसून निवांत भाकरी मोडायचा आणि मला वाटायचं, उद्या याला दुकानात कुणी टोमणा मारला तर हा कुणाकडे बघेल? एकदा पाथर्डीहून लग्नाला आलेली एक बाई आयब्रोला बसली आणि म्हणाली, "दाजी बरे हायेत का आता?"

दोरा तुटला माझा.

"का? काय झालं त्यांना?"

"आवं, गुडघा दुखत हुता म्हनं. माझा भाऊ पेंड न्यायला गेल्ता, त्यानं सांगितलं."

मी नवीन दोरा ओढला, पण त्या बाईची एक भुवई जरा बारीकच झाली.

बाकी काही आलं नाही. कुठूनच आलं नाही. मुदतीला थोडे दिवस उरले तेव्हा पुन्हा नगरला गेले. मी बसायच्या आत मॅडमने विचारलं, "घरी कसं आहे? मी काळजीत होते."

मग मात्र राहवलं नाही. "मॅडम, तो पीत नाही. कधीच प्यायला नाही. मी तुमची परीक्षा घेतली."

आता ही हाकलणार, असं वाटलं. पण ती म्हणाली, "तुमच्या घरी तसं नाही, हे ऐकून बरं वाटलं. आता खरं काय ते सांगाल?"

सांगितलं. मुलगी डोळ्याआड झाली की माझी छाती धडधडते. हात गार पडतात. तिची बस जरा लांबली की मला ती उलटलेली दिसते, रस्त्यावर तिची ओढणी दिसते. मी फोनवर फोन करते, मैत्रिणींना करते, स्टँडवर जाऊन उभी राहते. ती घरी आली की ओरडते. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. एवढंच ना, असं ती म्हणेल म्हणून वाट पाहिली. ती तसं म्हणाली नाही.

"तुम्हाला भीती वाटते, हे मुलीला माहीत आहे?"

"तिला वाटतं मी संशय घेते."

"आणि तुम्ही तसंच वाटू दिलंत?"

वाटू दिलं खरं. आमच्याकडे पोरीवर पाळत ठेवणाऱ्या आईला कुणी नावं ठेवत नाही, उलट कौतुकच होतं, पोरीवर लक्ष हाय म्हणतात. कारण नसताना घाबरून घामाघूम होणाऱ्या बाईला मात्र डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात. मला वेडी नव्हतं ठरायचं. मी विचारलं, "मग मी करू काय?" तर म्हणे, तुम्हाला काय करावंसं वाटतं? इतका राग आला तिचा! एवढ्या लांब येऊन साधं उत्तरही मिळू नये?

त्याच रागात घरी आले. मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती. पाठमोरी होती तोवरच मी बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.

"माझा तुझ्यावर संशय न्हाई गं. कधीच नव्हता. मला भीती वाटते. तू दिसली न्हाईस की मला काहीतरी होतं. तो आजार माझा हाय. तू जा नगरला. मी घाबरेन, फोन करीन, तरी जा."

ती वळली. मला वाटलं, आनंदाने उडी मारेल.

"मग त्या दिवशी स्टँडवर, सगळ्यांसमोर माझा मोबाईल का तपासलास?"

"तू आलीस तरी माझे हात थांबत नव्हते. काहीतरी धरायला पाहिजे होतं."

तिने हातातले कपडे छातीशी घट्ट धरले.

"मी तवापासून कुनाशी नीट बोलत पन न्हाई, मम्मी," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू आई हायेस, तुला कळत असंल. माझ्यातच काहीतरी घाण असंल."