दोनशे एक नंबरचं तिकीट

आमच्या घरच्या शिलाई मशीनवर दोरा ओवून मी जेवढं शिवलं, तेवढंच दोरा न ओवताही शिवलं असेल. ऐकणाऱ्याला हे खुळ्यासारखं वाटतं, म्हणून सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. चिखलीला तेव्हा गाण्याच्या कार्यक्रमांचं एक मंडळ होतं आणि आमचे हे त्याचे सेक्रेटरी. पोटापाण्याला जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हेडक्लार्क. हंगाम संपला की जिनाचं मोठं टिनाचं शेड रिकामं पडायचं. चैत्रात एकदा तिथं खुर्च्या मांडायच्या आणि लांबच्या शहरातून एक गाणाऱ्या बाई यायच्या. दरवर्षी त्याच. टिन तापायच्या आत आटपावं म्हणून गाणं रविवारी सकाळी सातला सुरू होई.

पहिल्या वर्षी दारात तिकिटं फाडताना फजिती झाली. गावातल्या छापखान्यात भोकांची रेघ पाडायचं यंत्र नव्हतं. त्यामुळे कुणाच्या हातात अख्खा नंबर राहिला, कुणाच्या हातात नुसता कोपरा. ह्यांना ते फार लागलं. दुसऱ्या वर्षी दोनशे तिकिटांचा गठ्ठा घेऊन घरी आले आणि माझ्या मशीनकडे बघत उभे राहिले. मी काय ते समजले. दोरा काढला, बॉबिन काढली, जुनी सुई लावली, कारण कागदावर सुई बोथट होते, आणि एकेक तिकीट सुईखालून सरकवत गेले. रेघ अशी सरळ आली की हे "वा!" म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मिळालेला तो पहिला वा. दुसरा कधी मिळाल्याचं आठवत नाही.

माणूस वाईट नव्हता. कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. पण घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठायचे, आणि ते मला कळायचं मी नंतर माझं पान वाढून घेतल्यावर. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मूलबाळ नव्हतं. माहेर दुसरबीडला, दिवाळीपुरतं. दिवसभर घरात माझाच आवाज, तोही मांजरीला हाकलताना.

गाण्याच्या दिवशी बाईंचा आणि मंडळाच्या लोकांचा चहा माझ्याकडे असायचा. मंचाच्या मागे ताडपत्री लावून तिथं स्टोव्ह मांडायचा. "मला तिकीट?" असं मी एकदा विचारलं होतं. "घरच्या मानसाले काय तिकीट लागते?" हे म्हणाले. दोनशे लोकांची तिकिटं माझ्या हातून गेली आणि मी घरची.

ताडपत्रीला रुपयाएवढं भोक होतं. त्यातून बाईंची पाठ दिसायची. अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा आणि दोन बाजूंना दोन तंबोरे. गाताना त्यांचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही. समेवर आल्या की मान किंचित डावीकडे झुकायची, त्यावरून मला सम कळायला लागली.

ऐकणारे मात्र सगळे समोर दिसायचे. पहिल्या रांगेत कडेला हे बसायचे. शेजारच्या खुर्चीवर ह्यांची मंडळाची पिशवी. एकदा बाईंनी असा काही सूर लावला की ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायचंही भान नव्हतं. सदरा मीच इस्त्री केलेला, चष्म्याची दांडी मीच दोऱ्यानं बांधलेली, पण तो चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. इतका मऊ चेहरा ह्यांच्याकडे आहे आणि तो घरी कधी आणलाच नाही! दूध उतू गेलं तेव्हा मी भानावर आले. मला हेवा वाटला तो बाईंचा नाही, त्या पिशवीचा.

घरी आल्यावर काही सुचेना. मी बायकांना भरतकामाची चित्रं उतरवून द्यायची. पातळ कागदावर मोर-पोपट काढायचे, रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, तो कागद उशीच्या अभ्र्यावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. खाली निळ्या ठिपक्यांचं चित्र उमटतं. त्या दिवशी मोराच्या जागी बाईंची पाठ काढली. पहिलं चित्र फसलं. कापडाची सवय, त्यामुळे रॉकेल जास्त झालं, ते कागदावर पसरलं आणि बाईंचा अंबाडा कोहळ्याएवढा झाला. मग बोळा नुसता ओलसर ठेवला. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अंबाडा, गजरा, तंबोरे स्वच्छ उतरले. खाली लिहिलं, नंबर दोनशे एक. शेवटी मशीनवर भोकांची रेघ पाडली. ते तिकीट दारात कुणी फाडणार नव्हतं, तरी पाडली.

पुढे दरवर्षी गाणं झालं की मी त्याच नंबरचं एक तिकीट करायची. पाठ तीच, फक्त गजरा बदलायचा. अभ्र्यांच्या डब्यात तळाशी ठेवायची. डबा उघडला की रॉकेलचा वास यायचा आणि त्या वासानं मला गाणं आठवायचं. कुणाला दाखवलं नाही. दाखवायला होतं कोण?

पाचव्या वर्षी मनाशी ठरवलं. पहाटेच दूध तापवून ठेवलं, कपबशा मांडल्या, हिरवं पातळ नेसले आणि माझं तिकीट घेऊन पुढच्या दाराच्या रांगेत उभी राहिले. दारावर ह्यांचे मित्र होते, दवाखान्यातले कंपाउंडर.

"वैनी, तुमी इकडून काऊन आल्या? मांगून जा ना."

मी तिकीट पुढे केलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "सुंदर हाये, पन हे आपलं नाही," म्हणाले. मागचे लोक खोळंबले. तेवढ्यात हे आले.

"काऊन वं? लोकं हासतीन. चहाचं पाह्य."

"आज तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसतो म्हटलं."

"तिथं पिशवी असते," हे म्हणाले. त्यात काडीचाही राग नव्हता. खरंच तिथं पिशवी असते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मी मागे गेले. रागाच्या भरात आलं ठेचत राहिले, त्या दिवशी चहात दुप्पट पडलं. लोकांनी फर्मास झाला म्हणून दोनदा मागितला. डोळे पुसत मी भोकाला डोळा लावला, आणि ह्यांचा तो चेहरा पुन्हा पाहिला.

त्यानंतर आठ दिवस मी एकच चित्र काढत होते. ह्या वेळी बाईंची पाठ नाही. पहिली रांग काढली. कडेला हे, डोळ्यांत पाणी, दांडीला दोरा बांधलेला चष्मा. बाजूच्या खुर्चीवर पिशवी नाही, एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. तिकिटं दोन केली. सेक्रेटरी म्हणून ह्यांनाही कधी तिकीट मिळालं नव्हतं. दोनशे एक आणि दोनशे दोन. रेघा पाडल्या आणि दोन्ही ह्यांच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी हे जिनातून आले. तिकिटं उचलली, उजेडाशी नेली, भोकांच्या रेघेवरून बोट फिरवलं. मी उंबऱ्यात उभी.

"रेघ सरळ आली," म्हणाले. मग चष्मा पुढे ओढून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कोन व्हय हा? ओयखू नाही येऊन राह्यला." पुन्हा पाहिलं. "गानं मात्र समजते त्याले."

मग ह्यांचं बोट बाजूच्या खुर्चीवर सरकलं.

"आन् ही बाई?"

"त्याची बायको असंन."

"असं जोडीनं आपल्याकडे कोनी आलं होतं का? मले तर दिसलं नाही." सेक्रेटरीला शंका आली. "तिकीट काढून आले होते?"

"हाव," मी म्हटलं. "दोघंही तिकीट काढून आले होते."

"मंग ठीक हाये," म्हणाले. दोन्ही तिकिटं माझ्या हातात दिली आणि हातपाय धुवायला गेले.

मी पान वाढलं. ते मुकाट्यानं जेवून उठले. मग माझं वाढून घेतलं, तेव्हा कळलं की वरणात मीठ नव्हतं.