मोसंबीचं पाणी तोडलं तेव्हा

संक्रांत होऊन गेली की आमच्या परसात सगळ्यात आधी शेवगा बातमी देतो. अंगावर धड पान नसतं, पण फुलं भरगच्च. मग शेजाऱ्यांच्या आंब्याचा मोहर भिंतीवरून डोकावतो, कडुलिंबाची पिवळी पानं दिवसभर गळत राहतात आणि दुपारी खुर्ची सावलीत सरकवावी लागते. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. यंदा भोकरदनमध्ये तिला तेवढाही दम निघाला नाही. मी निवृत्त माणूस, मला बसून राहायला निमित्तच हवं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बसल्या बसल्या हे सगळं दिसत होतं आणि मला त्याचा राग येत होता. बायको श्रावणात गेली होती. तिच्यामागे या परसानं इतक्या लवकर नटायची काही गरज नव्हती.

एकटी मोसंबी माझ्या बाजूनं होती. काळपट हिरवीगार, कळीचं नाव नाही.

ते कलम बायकोनं माहेराहून आणलेलं. दरवर्षी दिवाळीनंतर ती त्याचं पाणी तोडायची. आमच्याकडे बागवाले असंच करतात. झाड तहानेनं पिवळं पडलं, पानं गाळायला लागलं, की मग भरपूर पाणी द्यायचं. त्यानंतर बहार फुटतो. मी तिला सावत्र आई म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, लाड केले की झाड माजतं, फुलत नाही.

यंदा ते काम माझ्याकडे आलं आणि मला ते जमलं नाही.

त्याचं कारण गेला उन्हाळा. तिच्या किडन्या गेल्या होत्या आणि पाणी मोजून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा ती चोरून तांब्याभर पाणी प्यायली, तर छातीत पाणी भरून जीव जायची वेळ आली. तेव्हापासून माठ माझ्या ताब्यात. सकाळी थोडं पाणी भरून द्यायचं, ते तिनं दिवसभर पुरवायचं. मराठवाड्यातला वैशाख, आणि घरात पाणी असून ते द्यायचं नाही. ही बाई जन्मात कुणापुढे हात पसरणारी नव्हती. एका दुपारी रिकामं फुलपात्र माझ्यापुढे फरशीवर ठेवून म्हणाली, "एक घोट द्या ना. कोणाला सांगणार न्हाई मी."

मी उद्या देतो म्हणालो. असे बरेच उद्या झाले.

ती गेल्यावर दुपारी स्वयंपाकघरातून फुलपात्र ठेवल्याचा आवाज यायला लागला. मांजर असेल म्हणून पाहिलं. उंदीर असेल म्हणून सगळी भांडी कपाटात ठेवली. तरी आवाज यायचाच. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण कान काही माझं ऐकत नव्हते. शेवटी एकदा उठलो, हौदातून बादली भरली आणि मोसंबीच्या आळ्यात ओतली. आवाज थांबला. मग तो रोजचाच परिपाठ झाला. दिवाळी आली नि गेली. मी पाणी घालतच राहिलो. मला वाटायचं, तिला पोचतंय.

रथसप्तमीच्या सुमारास मुलगी संभाजीनगरहून आली. परसात गेली आणि खोडापाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. बुंध्यातून डिंक गळत होता. पाणी जास्त झालं की मुळं सडतात आणि असं होतं. मलाही ते ठाऊक होतं. मी तिकडे बघत नव्हतो, इतकंच.

"बाबा, तुम्ही पाणी पाजून मारून राह्यले त्याला," ती म्हणाली. "आईचं हे एकच राह्यलंय. पाणी तोडा."

तिला आवाजाचं काय सांगणार? तोडतो म्हणालो. मुलगी परत गेल्यावर बादली माळ्यावर टाकली.

त्यानंतरच्या दुपारी मला आठवायला नकोत. आवाज यायचा. बाहेर मोसंबीची पानं कडेनं वळायची, माना टाकायची. इकडे शेवगा फुलं उधळत होता, कोकीळ घसा साफ करत होता, आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. अगदीच सहन झालं नाही की स्टँडवर जाऊन बसायचो, ऊन उतरेपर्यंत. जालन्याच्या गाड्या यायच्या, जायच्या. कुणी विचारलं तर पाहुणे यायचेत म्हणून सांगायचो.

शिवरात्र झाली. झाडाची पानं पिवळी होऊन गळायला लागली होती, डिंक वाळला होता. मुलीनं फोनवर नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, आता द्या. मी बादली काढली आणि सकाळभर पाणी घातलं. जमीन ते पीत होती, घटाघटा घोट घेतल्यासारखा आवाजही येत होता. मी तिथेच आळ्याकाठी बसून रडलो.

फाल्गुनात झाड पांढरं झालं. उशिराचा बहार, पण भरपूर. वास पार ओसरीपर्यंत येतो. मुलगी येऊन फोटो काढून गेली, खूश होती. बघा, वाचलं का न्हाई, म्हणाली. मी हो म्हणालो.

तहानलेलं ठेवलं म्हणून झाड वाचलं. बायकोलाही मी तसंच ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, अगदी बरोबर, एक घोटही जास्त न देता.