मागून येणारा माझा कोण लागतो?

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याच्या दुकानात उडालेले बल्ब साचतात, तसे किस्सेही साचतात. बल्ब निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

जळगावात मेहरूणच्या रस्त्याला माझं दुकान. पंच्याऐंशी-नव्वदच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या हौशी मंडळींच्या जुन्या विलायती गाड्या माझ्याकडे यायच्या. पुढून बघाल तर नवरदेव! पितळ चकाचक, हॉर्न हा एवढा! आणि मागे? बोराएवढा एकच लाल दिवा. मी सांगून दमलो, "दोन मोठे दिवे लावू, ब्रेक लाइट लावू." पालथ्या घड्यावर पाणी! सगळ्यांचं एकच तुणतुणं, "गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे!"

*

धुळ्याचे नाना म्हणजे या मंडळींचे म्होरके. त्यांच्या गाडीत पुढे दोघांची जागा, आणि मागची डिकी उघडली की तिथे एक उघडी सीट. पुढे नाना आणि त्यांचा कोणीतरी दोस्त. मागे डिकीत कोण? अक्का, म्हणजे नानांची बायको! पदर सांभाळत, धूळ खात.

मी दिव्याचा विषय काढला. नाना म्हणाले, "मी पुढे बघून गाडी चालवतो. मागून येणारा माझा कोण लागतो?"

ते पान खायला गेले तशी अक्का हळूच म्हणाली, "सुभाषभाऊ, त्यास्ले दिवा लावाले सांग ना. मांगे मी बसस. ट्रक पार अंगवर येतस."

मला फार वाईट वाटलं. दुकानातल्या टॉर्चच्या, म्हणजे हातबॅटरीच्या काचेला लाल कागद चिकटवून ती अक्काच्या हातात दिली. दुसरं काय करणार?

*

आमच्या जळगावच्या एका डॉक्टरांनी सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा बल्ब घातला, तोही स्वतःच्या हाताने. मी म्हटलं, "डॉक्टर, हा दिवा नाही, उदबत्ती आहे!"

"पेटतो ना? बास!"

"पेशंटलाही असंच सांगता का? श्वास चालू आहे ना, बास!"

चार महिने बोलले नाहीत. बल्ब मात्र तोच.

*

एका वकिलांच्या गाडीला इंडिकेटर म्हणून दाराजवळून बाहेर येणारा लोखंडी हात होता. तो एकदा बाहेर आला की आत जायचं नाव घेत नसे. साहेब तसेच निघाले धुळ्याला! पारोळ्याच्या बाजारात गाडी हळू झाली, तर एक शेतकरी गाठोडं घेऊन आत डोकावला, "भाऊ, जागा शे का?"

वकीलसाहेब भडकले, "मी वळतोय!"

"मंग हात कसाले दाखाडी राह्यनात?"

*

दसऱ्याला नानांनी गाडीला झेंडूचा असा हार घातला की मागचा तो एकुलता एक दिवाही गडप! मी म्हटलं, "नाना, दिवा झाकला!"

"अरे, दिवा देवापुढे लावतात. देवामागे नाही!"

यांच्या अकलेला काय म्हणायचं?

*

मग नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. स्टिअरिंग सुटलं, पण हौस सुटेना. जळगावला जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. आदल्या दुपारी धुळ्याहून निघताना पुतण्या चालवायला बसला. नाना त्याच्या शेजारी बसायला गेले, तर अक्का आधीच तिथे बसलेली! लाल कागदाची बॅटरी तिने त्यांच्या हातात दिली. "आते तुम्ही बसा मांगे."

दिवेलागणीला माझ्या दुकानात फोन. पारोळ्याच्या एसटीडी बूथवरून नाना! आवाज चिरका.

"सुभाष, दिवे घेऊन ये. दोन!"

"नाना, ओरिजिनलचं काय?"

"ओरिजिनल गेलं खड्ड्यात! ट्रकला असतात ना, तेवढे मोठे आण! आत्ताच्या आत्ता नीघ!"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. रिसीव्हर अक्काने घेतला असावा.

"सुभाषभाऊ, सावकाश ये. काही घाई नही शे. यास्ले जराखं मांगे बसू दे!"