गणूचा पुकारा

माझा भाऊ रत्नदीप सरकारी वकील आहे. आमच्या कल्याणच्या चाळीतला पहिलाच. पाठांतरासाठी याने माझं डोकं किती खाल्लंय! मी पोळ्या लाटायचे, हा ओट्याला टेकून कलमं म्हणायचा. चुकला की मी लाटणं आपटायचे. सरकारी परीक्षा पास होऊन ठाण्याच्या कोर्टात नेमणूक झाली, तेव्हा आई त्याला काळा कोट घालून विहारात घेऊन गेली, भर मे महिन्यात.

पहिल्याच वर्षी दिवा गावातल्या गणूची चोरीची केस आली. गणूच्या घरात चोरीचा मोबाइल सापडल्याचा पंचनामा होता, खाली पंच म्हणून मारुतीची सही. मारुती चौकीसमोरचा चहावाला. साक्षीआधी त्याने रत्नदीपला हसत सांगितलेलं, "साहेब, टपरी सोडून मी कुठे जाऊ? सही तेवढी ठोकली." तरी आमचा शहाणा मूग गिळून बसला. समोरच्या नवख्या वकिलाने काही विचारलंच नाही. गणूला तीन वर्षांची शिक्षा झाली. चौथ्या महिन्यात तो तुरुंगातच काविळीने गेला.

तेव्हापासून त्याची आई बायजा रोज कोर्टाबाहेरच्या बाकावर बसते. शिपाई नावं पुकारायला आला की विचारते, "माज्या गणूचा पुकारा झाला का?"

रत्नदीप घरीही जेवता जेवता दचकायचा. "ताई, कोणी पुकारलं का गं?"

"कोण पुकारणार? गप जेव," मी खेकसायचे. एकदा तर आंघोळीतून तसाच ओला बाहेर आला, "हजर, हजर" म्हणत.

गेल्या महिन्यात रतन नावाच्या हमालाची केस त्याच्याकडे आली. पंच पुन्हा मारुती!

"ताई, तोंड उघडलं तर गणूचंही निघेल. नोकरी जाईल गं."

"जाऊ दे! गप्प बसलास तर माझ्या हातचं जेवू नकोस."

तारखेला मी कोर्टात मागे जाऊन बसले. रत्नदीपने मारुतीला सरळ विचारलं, "टपरी सोडून गेला होतास?"

मारुतीने मान खाली घातली. "नाही साहेब."

"गणूच्या वेळी?"

"तेव्हाही नाही."

"आणि ते मला माहीत होतं," रत्नदीप न्यायाधीशांना म्हणाला.

तो हमाल सुटणार हे तिथेच कळलं. रत्नदीप बाहेर येऊन बायजासमोर खाली बसला. "आई, गणूवरचा पुरावा खोटा होता. आज कोर्टाने लिहून घेतलं. चूक माझी होती."

बायजाचा चेहरा उजळला. पिशवीतून डबा काढून तिने त्याच्या हातात दिला.

"मग बोलवा की त्याला. कवाचा उपाशी हाय."